नळी वाहती हवी

अर्धांगवायूनंतर अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, प्रोस्टेटमुळे लघवी अडलेले पण हृदय कमजोर म्हणून ऑपरेशन लांबणीवर टाकलेले आजोबा, अपघातात मणका मोडलेला तिशीतला मुलगा. अशा कुणाच्या ना कुणाच्या पलंगाला लघवीची पिशवी टांगलेली कितीतरी घरांत दिसते. रुग्णालयातून घरी सोडताना गोळ्यांच्या वेळा नीट लिहून मिळतात. नळीबद्दल बहुधा एकच ओळ असते : 'महिन्याने बदलणे.' त्या महिन्यात नळीच्या आत, मूत्राशयात आणि मूत्रमार्गात काय काय घडतं, हे घरच्यांना समजावून सांगायला कुणाला वेळ नसतो. मग पिशवीतली लघवी जरा गढूळ दिसली की घरात धावपळ उडते. आणि खरी धावपळ करायला हवी तेव्हा, म्हणजे पिशवी चार-पाच तास कोरडीच असते तेव्हा, 'आज पाणी कमी प्यायले असतील' एवढ्यावर विषय संपतो. काळजी करायची, पण कशाची, हेच नेमकं उलटं पडलेलं असतं. ते सुलटं करायला हवं.

आधी ही नळी म्हणजे काय ते पाहू. घरोघरी दिसते ती फोली कॅथेटर. अमेरिकेतल्या सेंट पॉल शहरातले मूत्रविकारतज्ज्ञ फ्रेडरिक फोली यांनी १९२९ मध्ये प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतरचा रक्तस्राव दाबून धरण्यासाठी फुगा जोडलेली नळी मांडली. १९३७ मध्ये त्यांनी तीच कल्पना मूत्राशयाचा सतत निचरा करण्यासाठी पुढे आणली. पेटंटच्या वादात ते हरले, नाव मात्र त्यांचंच राहिलं. नळीत दोन वाटा असतात. एक रुंद, लघवीची. दुसरी बारीक, फुग्यात पाणी भरण्याची. फुगा मूत्राशयात फुगवला की नळी निसटत नाही. तिची जाडी फ्रेंच मापात मोजतात. एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा, त्यामुळे १६ नंबरची नळी बाहेरून जेमतेम ५.३ मिलिमीटर भरते. रबराची भिंत आणि फुग्याची वाट वजा केली की लघवीसाठी उरणारा मार्ग आणखी अरुंद असतो. पुढच्या सगळ्या अडचणी समजून घेताना हा अरुंदपणा ध्यानात ठेवायचा.

दुसरी गोष्ट फुग्याच्या जागेची. लघवी आत घेणारं भोक फुग्याच्या वर असतं. फुगा मूत्राशयाच्या तळाशी टेकतो आणि भोक त्याहून उंचावर राहतं, म्हणून तळाशी थोडी लघवी कायम साचून राहते. निरोगी मूत्राशय भरतं आणि पूर्ण रिकामं होतं. प्रत्येक वेळी लघवीच्या जोरदार धारेबरोबर आत शिरलेले जंतू बाहेर फेकले जातात. शरीराची ही सगळ्यात साधी आणि सगळ्यात परिणामकारक सफाई. नळी बसली की ती बंद पडते. वरून थेंब थेंब येतं, खालून थेंब थेंब जातं, मध्ये न हलणारं डबकं राहतं आणि त्यात बाहेरच्या जगाशी जोडलेली एक परकी वस्तू दिवसरात्र उभी असते.

जंतूंना याहून सोयीची जागा मिळणार नाही. पूर्वी नळीचं टोक पलंगाखालच्या उघड्या बाटलीत सोडलेलं असे, तेव्हा चार दिवसांत जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या लघवीत जंतू सापडत. १९६६ मध्ये कॅल्व्हिन क्युनिन आणि रेजिना मॅकॉरमॅक यांनी दाखवून दिलं की नळी आणि पिशवी सलग, बंद ठेवली तर हे कित्येक दिवस पुढे ढकलता येतं. आजची बंद पिशवी ही त्याचीच देन. पण पुढे ढकलणं म्हणजे टाळणं नव्हे. बंद पिशवी असूनही दर दिवशी साधारण ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू येतात आणि महिना उलटेपर्यंत बहुतेक सगळेच त्यात मोडतात. कायमची नळी असलेल्या २० रुग्णांची लघवी आठवड्याला एकदा तपासत राहण्याचा एक अभ्यास अमेरिकेत १९८२ साली प्रसिद्ध झाला. ९८ टक्के नमुन्यांत भरपूर जंतू होते आणि तीन चतुर्थांशांहून अधिक नमुन्यांत एकापेक्षा जास्त जातींचे.

म्हणजे महिनाभर नळी असलेल्या माणसाच्या लघवीत जंतू आहेत का, हा प्रश्नच विचारण्यात अर्थ नाही. ते असतातच. रिपोर्टमध्ये 'ई. कोलाय, एक लाखाहून अधिक' असं छापून आलं, पस सेल्स भरपूर दिसल्या, लघवीला वास आला, ती गढूळ झाली, तरी माणूस ठणठणीत असेल, ताप नसेल, खाणंपिणं नेहमीसारखं असेल, तर त्याला प्रतिजैविकांची गरज नसते. (गरोदर स्त्री, किंवा ज्यात रक्त येण्याची शक्यता आहे अशी मूत्रमार्गावरची शस्त्रक्रिया, हे अपवाद.) हे वाक्य पुष्कळांना पटत नाही, पण जगभरातली तज्ज्ञमंडळं याच मताची आहेत. कारण सरळ आहे. नळीच्या भिंतीवर जंतू सुटे नसतात. ते स्वतःच्याच चिकट स्रावाचा थर करून त्यात वस्ती करतात. औषध लघवीत तरंगणाऱ्या जंतूंना मारतं, थरातले बरेचसे बचावतात आणि औषध थांबल्यावर पुन्हा बाहेर पडतात. बचावलेल्यांत औषधाला दाद न देणारे जास्त. असे तीन-चार कोर्स झाले की ज्या दिवशी खरोखर रक्तात जंतू शिरतात, त्या दिवशी गोळीने भागत नाही. महागडी इंजेक्शनं लागतात आणि तीही लागू पडतीलच असं नाही. घरच्यांनी 'रिपोर्ट खराब आलाय, काहीतरी द्या' असा आग्रह धरू नये, हे मला कळकळीने सांगावंसं वाटतं. डॉक्टरवर त्या आग्रहाचं दडपण खरोखर येतं.

मग खरा संसर्ग ओळखायचा कसा? थंडी वाजून ताप, कमरेच्या वर पाठीत एका बाजूला दुखणं, ओटीपोटात नवीन दुखणं, अंडकोशाला सूज, रक्तदाब उतरणं, आणि वृद्धांत दुसरं कारण सापडत नसताना अचानक आलेला गोंधळ, बडबड किंवा गुंगी. यातलं काही दिसलं तर वेळ न घालवता डॉक्टर गाठायचे. तेव्हा लघवीची तपासणी आवश्यकच असते, पण नमुना कुठून घ्यायचा याला महत्त्व आहे. पिशवीत तासन् तास साचलेल्या लघवीत जंतू वाढलेले असतात, ती उपयोगाची नाही. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल तर आधी ती बदलायची, नव्या नळीतून आलेली लघवी कल्चरला पाठवायची आणि मग औषध सुरू करायचं. जुनी नळी तशीच ठेवून औषध देणं म्हणजे जंतूंची वस्ती शाबूत ठेवणं.

आता प्रवाहाकडे येऊ. लघवीतले सगळे जंतू सारखे उपद्रवी नसतात. त्यांतला एक, प्रोटियस मिराबिलिस, नळीच्या दृष्टीने सगळ्यात वाईट. नळीच्या गुळगुळीत पृष्ठभागावर त्याच्या पेशी लांबट होतात आणि थव्याने पुढे सरकतात. त्याच्याकडे युरिएझ नावाचं विकर असतं. लघवीतल्या युरियाचं ते अमोनियात रूपांतर करतं. आम्ल लघवी क्षारीय होते आणि आजवर विरघळून राहिलेले मॅग्नेशियम, कॅल्शियम, फॉस्फेट खडे होऊन खाली बसू लागतात. बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर क्षार चढतो, तसा हा थर नळीच्या टोकावर, भोकाच्या कडेवर, फुग्यावर आणि आतल्या वाटेत चढतो.

पंधरा-वीस दिवसांत तुंबलेली अशी एखादी नळी काढल्यावर लांबीत चिरून पाहावी. टोकाकडचा भाग बोटाला वाळूसारखा खरखरीत लागतो. भोक असतं तिथे पांढुरक्या-पिवळट खड्यांची कड चढलेली असते, मधली वाट टाचणीच्या डोक्याएवढी उरलेली असते, कधी तेवढीही नाही. अमोनियाचा उग्र दर्प येतो. खालची निम्मी नळी मात्र जवळजवळ स्वच्छ असते, म्हणून बाहेरून काहीच कळत नाही. महिनोन्महिने नळी वापरणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना कधी ना कधी अशा तुंबण्याला सामोरं जावं लागतं. चांदीचा मुलामा असो, औषधाचा लेप असो की शुद्ध सिलिकॉन, या जंतूपुढे कायम टिकणारी नळी अजून बनलेली नाही. सिलिकॉनच्या नळीची आतली वाट रुंद असते, म्हणून ती तुंबायला वेळ जास्त लागतो, इतकंच.

नळी तुंबली की दोनपैकी एक घडतं. लघवी नळीच्या बाजूने वाट काढते आणि कपडे, चादर भिजते. किंवा तीही वाट मिळत नाही, मूत्राशय फुगतं, ओटीपोट टणक होतं, माणूस तळमळतो. ज्याला सांगता येत नाही तो नुसताच अस्वस्थ होऊन नळी ओढू लागतो. आत दाब वाढला की जंतूंनी भरलेली लघवी मूत्रपिंडांकडे मागे ढकलली जाऊ शकते. काल नुसते वस्तीला असलेले जंतू आज रक्तात शिरतात ते बहुतेकदा अशा वेळी. म्हणून नळीवाल्या माणसाजवळ बसणाऱ्याने दर काही तासांनी पिशवीतली पातळी वाढते आहे ना, हे पाहायचं. लघवीच्या रंगावर नजर ठेवण्यापेक्षा याचा उपयोग शंभर पटींनी जास्त.

पातळी वाढत नसेल तर आधी साध्या गोष्टी बघायच्या. नळी मांडीखाली दबली आहे का, पलंगाच्या कठड्यात अडकली आहे का, पीळ पडला आहे का, पिशवी मूत्राशयाच्या वर तर गेली नाही ना. आणि शेवटचं पोट साफ कधी झालं? गच्च भरलेलं गुदाशय मूत्रमार्गाला आणि नळीला बाहेरून दाबतं. बद्धकोष्ठ सुटल्यावर आपोआप सुटलेल्या 'ब्लॉक' नळ्या परिचारिकांनी पुष्कळ पाहिल्या आहेत. हे सगळं ठीक असूनही लघवी येत नसेल तर नळी बदलावी लागते, आणि तीही त्याच दिवशी.

बाजूने गळणं मात्र दर वेळी तुंबण्यामुळे नसतं. फुग्याने आणि नळीच्या टोकाने चिडलेलं मूत्राशय आकुंचन पावतं आणि लघवी बाजूने फेकतं. अशा वेळी 'नळी लहान पडते, मोठ्या नंबरची टाका' हा सल्ला हमखास मिळतो. जाड नळी, मोठा फुगा, म्हणजे चिडचिड जास्त आणि गळणंही जास्त. १६, मग १८, मग २०, मग २२ असं चढत गेलेल्या बायकांचा मूत्रमार्ग इतका सैल पडतो की फुग्यासकट नळी बाहेर येते. तिथवर पोचल्यावर मागे फिरणं फार अवघड. आकुंचनं शमवायला गोळ्या आहेत. नळीचा नंबर चढवण्याआधी त्यांचा विचार व्हायला हवा.

ज्याची नळी पुन्हा पुन्हा तुंबते त्याच्या तुंबण्याला सहसा एक ठरलेली लय असते. कुणाची अठराव्या दिवशी, कुणाची पंचविसाव्या. वहीत नळी बसवल्याची आणि तुंबल्याची तारीख लिहून ठेवली तर तीन-चार वेळांत ती लय कळते. मग नळी त्याच्या दोन-तीन दिवस आधीच बदलायची. 'महिन्याने' हा नियम सगळ्यांना सारखा लागू पडत नाही. साध्या लॅटेक्सच्या नळीला साधारण तीन-चार आठवडे, शुद्ध सिलिकॉनच्या नळीला बारा आठवड्यांपर्यंत, ही वरची मर्यादा समजायची. वारंवार तुंबत असेल तर मूत्राशयात खडा झाला आहे का, हेही पाहून घ्यायचं, कारण खडा असेपर्यंत प्रोटियसला आसरा मिळत राहतो. हृदयाचं किंवा मूत्रपिंडाचं पथ्य नसेल तर भरपूर पाणी आणि त्यात लिंबू, हा घरगुती वाटणारा उपाय अभ्यासांतही टिकलेला आहे. लघवी पातळ झाली आणि तिच्यात सायट्रेट वाढलं की खडे धरायला उशीर लागतो.

घरी येणारे काही ब्रदर दर आठवड्याला 'ब्लॅडर वॉश' देतात. संसर्ग टळावा म्हणून नियमाने केलेल्या अशा धुण्याचा फायदा दिसलेला नाही. उलट, बंद जोडणी दर वेळी उघडली जाते. पिशवीत जंतुनाशक टाकणं, मूत्रद्वाराशी रोज मलम लावणं, यांनीही काही साधत नाही. रोज साबण-पाण्याने स्वच्छता करावी, नळी शरीराकडून बाहेरच्या दिशेने पुसावी. पिशवी दोन तृतीयांश भरली की रिकामी करावी आणि तोटीचं तोंड भांड्याला टेकू देऊ नये. आणि पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली. रुग्णाला ट्रॉलीवरून एक्स-रेला नेताना भरलेली पिशवी त्याच्या पोटावर ठेवून दिलेली आपण सर्वांनी पाहिली आहे. झडप असलेली पिशवी नसेल तर साचलेली लघवी त्या पाच मिनिटांत सरळ आत परत जाते. ट्रॉली ढकलणाऱ्या मामांना तिथल्या तिथे हात धरून थांबवावं, संकोच करू नये.

नळीने होणाऱ्या जखमांबद्दल फारच कमी बोललं जातं, कारण त्या झाकलेल्या असतात. भरलेली पिशवी दीड-दोन किलोची. नळी मांडीला चिकटवून किंवा पट्ट्याने बांधून ठेवलेली नसेल तर तो सगळा भार मूत्रमार्गावर येतो. पुरुषांत नळी शिश्नाच्या खालच्या बाजूला सतत दाबून त्वचा चिरत जाते. काही महिन्यांत शिश्नमुंड खालून फाटल्यासारखं दिसू लागतं, आणि ज्याला कमरेखाली संवेदना नाही त्याला हे कळतही नाही. म्हणून बांधण्याची जागा अधूनमधून बदलायची. नळी घालताना मागे ओढलेली त्वचा पुन्हा पुढे आणायला विसरलं तर काही तासांत शिश्नाला गळफासासारखी सूज येते. हे निव्वळ निष्काळजीपणाने होतं, आणि मावशींनी रोज एकदा नजर टाकली तर टळतं. स्मृतिभ्रंश झालेले रुग्ण फुगलेल्या फुग्यासकट नळी उपसतात आणि रक्तबंबाळ होतात. त्यांना नळी खरंच हवी का, हा विचार त्यांच्या बाबतीत इतरांहून आधी व्हायला हवा. फुग्यात सलाइन नव्हे, निर्जंतुक पाणीच भरायचं, नाहीतर क्षाराच्या कणांनी ती बारीक वाट बुजून फुगा सुटत नाही. तो सुटला नाही तर घरी कात्री चालवायची नाही.

एक प्रकार असा आहे की तो पाहून माणसं हादरतात आणि त्यात हादरण्यासारखं फारसं काही नसतं. सकाळी उठून पाहावं तर पिशवी जांभळी. लघवी पिवळसरच, पण पिशवीचं प्लास्टिक आणि नळी जांभळट-निळी. बहुधा वृद्ध, अंथरुणावरची, बद्धकोष्ठ असलेली स्त्री. वैद्यकीय नियतकालिकात याची नोंद १९७८ पासून आहे. अन्नातल्या ट्रिप्टोफॅनपासून आतड्यातले जंतू इंडोल तयार करतात, यकृत त्याचं इंडिकन करून लघवीवाटे टाकतं आणि लघवीतले काही जंतू ते फोडतात. त्यातून निळा इंडिगो आणि तांबडा इंडिरुबिन, असे दोन रंग बनून प्लास्टिकमध्ये मुरतात. इंडिगो म्हणजे कापड रंगवायची तीच नीळ. रुग्णाला ताप वगैरे नसेल तर नळी-पिशवी बदलावी, पोट साफ ठेवावं, बस्स.

याच्या अगदी उलट, बाहेर काहीच न दिसता जिवावर बेतणारा प्रकार मणक्याला छातीच्या सहाव्या मणक्याच्या आसपास किंवा त्याच्या वर इजा झालेल्यांचा. नळीला नुसता पीळ पडून मूत्राशय भरलं तरी त्यांना ते जाणवत नाही, पण खालच्या मज्जारज्जूकडून शरीरभर धोक्याचा इशारा सुटतो आणि मेंदूला तो आवरता येत नाही. रक्तदाब झपाट्याने चढतो. डोकं फुटेल असं ठणकतं, चेहरा लालबुंद होतो, घाम सुटतो. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. दुर्लक्ष झालं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. अशा माणसाला ताबडतोब बसतं करायचं, पाय खाली सोडायचे, कपडे आणि पट्टे सैल करायचे आणि पलंगापासून पिशवीपर्यंत नळी तपासत जायचं. पीळ सुटून लघवी वाहू लागली की बहुतेकदा दाब उतरतो. नाही उतरला तर तडक रुग्णालय. 'डोकं दुखतंय' म्हणून गोळी देऊन झोपवणं ही त्यातली सगळ्यात घातक चूक.

मणक्याच्या रुग्णांनीच नळीला पर्यायही दाखवला. पहिल्या महायुद्धात मणक्याला गोळी लागलेले बहुतेक सैनिक लघवीच्या संसर्गाने आणि पाठीवरच्या जखमांनी दगावले. १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात लुडविग गुटमन यांनी कायमच्या नळीऐवजी ठरावीक तासांनी निर्जंतुक नळी घालून, मूत्राशय रिकामं करून ती लगेच काढण्याची पद्धत चिकाटीने रुजवली. पुढे १९७२ मध्ये मिशिगनचे जॅक लॅपिडीस यांनी आणखी धाडसाचं पाऊल टाकलं. नळी निर्जंतुक नसली, नुसती स्वच्छ धुतलेली असली, आणि रुग्णाने स्वतःच्या हाताने घातली तरी चालतं, असं त्यांनी मांडलं. त्यांचं म्हणणं होतं की जंतूंपेक्षा घातक आहे ते मूत्राशय तटतटून ताणणं. ताणामुळे त्याच्या भिंतीचा रक्तपुरवठा घटतो आणि तिथे जंतू शिरकाव करतात. वेळेवर रिकामं करत राहिलं तर थोडे जंतू आले तरी बिघडत नाही. आज हात चालत असलेल्या मणक्याच्या रुग्णासाठी दर चार ते सहा तासांनी स्वतः नळी घालणं ही पहिल्या पसंतीची पद्धत आहे. खडकीच्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रासारख्या ठिकाणी वर्षानुवर्षं व्हीलचेअरवर जगणाऱ्या जवानांना विचारावं. मूत्राशयाचं वेळापत्रक त्यांच्या दिवसाचा कणा असतो.

ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी ओटीपोटातून घातलेली नळी असते. तिथेही जंतू येतात, खडे बसतात, पण मूत्रमार्ग चिरत नाही आणि पुरुषांत अंडकोशाच्या बाजूचा संसर्ग टळतो. ज्या पुरुषांना लघवी अडत नाही, नुसती कळत नाही, त्यांना बाहेरून लावायची कंडोमसारखी पिशवी पुरते. दहा-दहा वर्षं नळी असलेल्यांच्या लघवीत रक्त दिसलं तर ते 'नळी टोचली असेल' म्हणून सोडू नये. दीर्घकाळच्या दाहातून मूत्राशयाचा एका प्रकारचा कर्करोग क्वचित होतो. दुर्बिणीतून पाहणी करून घ्यावी.

आणि पुष्कळांची नळी तर निघू शकते, कुणी विचारलेलंच नसतं. खुब्याच्या हाडाच्या ऑपरेशनला घातलेली नळी तीन महिन्यांनंतरही तशीच, कारण ती काढायची कुणी हे ठरलेलं नाही, अशी उदाहरणं डॉक्टरांना नित्य भेटतात. प्रोस्टेटमुळे लघवी अडलेल्यांना काही दिवस टॅमसुलोसिनसारखी गोळी देऊन नळी काढून पाहता येते. काढण्याआधी 'ब्लॅडर ट्रेनिंग' म्हणून दिवसदिवस चिमटा लावून ठेवण्याने यश वाढतं असं दिसलेलं नाही, आणि चिमटा सोडायचा राहून गेला तर घोळ वेगळाच. नळी सहसा सकाळी काढतात, म्हणजे दिवसाउजेडी पाणी पिऊन, दोन-तीनदा लघवी करून पाहता येते, आणि सोनोग्राफीत मागे किती उरली तेही कळतं. अडलीच तर संध्याकाळच्या आत पुन्हा नळी बसवायला सवड राहते. पहिल्या खेपेला जमलं नाही म्हणजे कायमचं जमणार नाही असं नसतं. पोट साफ होऊ लागल्यावर, रुग्ण उठून चार पावलं चालू लागल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी तोच प्रयत्न पुन्हा करता येतो, आणि दुसऱ्या वेळी तो पुष्कळदा यशस्वी होतो.